मागं ठेवलेला गडी

—न्हाई ताई, बिरदेव आत्ता घरी न्हाई, जे काय हाय ते मला सांगा. मी रायभान, त्याचा थोरला भाऊ. फोनवर मीच बोलायचो तुमच्यासंगं. बोलायचो म्हंजे — हां, कापायचो. तीनदा कापला, खरं हाय. रेंज नव्हती म्हनलो असतो, पर तुमी बोरीपस्तोर बसनं अन् तितून पुढं ऑटोत धक्के खात आलात, आता तुमच्या तोंडावर काय खोटं बोलू. बसा. बाजेवर नका, तिचा दोर सुटलाय, ह्या घोंगडीवर बसा. टोचती जरा, नवीन हाय. धम्मशीला ना नाव तुमचं? पूर्णेच्या. वडील रेल्वेत. बगा, ध्यानात हाय माझ्या. हैदराबादच्या त्या दवाखान्यात समदी तेलगूत न्हाईतर हिंदीत बोलायची, अन् तुमी एकट्या मराठीत बोलल्या तवा बिरदेव म्हनला, दादा, आपल्या परभणीची लेक हाय, आता भ्या न्हाई. लय भाबडा हाय तो. — चंदा, च्या टाक गं. ती चंदा, त्याची बायको. जरा हळू बोला. तिला एवढंच ठाव हाय की गोळ्या लागू पडल्या का ते इचारायला बाई आल्यात.

दसऱ्याला यायचं व्हतं, ठाव हाय मला. दसरा गेला, दिवाळी गेली. आता तुमी म्हनता बेस्तरवारी खाट राखून ठिवलीय, डॉक्टर वाट बघायलेत, आधी फोटो, गरज पडली तर तितंच आणखी एक आपरेशन, अन् ह्याच्यापुढं उशीर नको. ऐकलं मी. कान शाबूत हायेत माझे. पर उद्या सकाळी मेंढरं निघत्यात, ताई. पाऊसकाळ सरला की आमी घरात ऱ्हात न्हाई — येलदरीवरून वर, वाशिमाकडं, पिकं निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवत बसवत जायचं, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी. उद्या निघाला तर बेस्तरवारी तो कोणत्या शिवारात असंल, देव जाणे. म्हणून तुमी घाईनं आलात. समजलं. पर तुमी समजता तसं सोपं न्हाई हो ते. सोपं असतं तर मी फोन कामून कापला असता?

पयल्यापासून सांगू? तुमच्याकडं समदं लिहिलेलं असंल, पर तुमच्या कागदात तांब्या न्हाई. तांब्याची गोष्ट न्हाई ना? मागल्या साली बिरदेव लिंबाखाली उताणा पडला व्हता, जेवून, अन् पोटावर पाण्याचा तांब्या ठिवलेला. तर चंदा म्हनली, तांब्या हलायलाय. आमी हसलो. हलायचाच — ठक, ठक, ठक. तो म्हनला, पोटात कोकरू हाय माझ्या, लाथा झाडतंय. समद्या गल्लीला बोलावून दाखवायचा येडा. मी हात ठिवला, अन् ताई, माझं हसू तितंच ऱ्हायलं. कामून की मला जनावराचं आतलं ठाव हाय. पन्नास वर्सं झाली, किती कापली, किती सोलली. पाठीच्या मणक्याला धरून एक नळी जाती, सरळ, बोटाएवढी, मोठ्या बकऱ्याची असली तरी अंगठ्याएवढी. तिचा ठोका असा वर हाताला लागत न्हाई. परभणीला नेला. तितल्या डॉक्टरनं पोटावर ते थंड मलम लावून फोटो काढला अन् म्हनला, मुख्य रक्ताची नळी फुगलीय, संत्र्याएवढी झालीय, आजच्या आज हैदराबाद गाठा, फुटली तर दारापस्तोर बी पोचायचा न्हाई. अन् बिरदेव काय म्हनतो — साहेब, मी आजच चार कोस चालून आलोय.

तर तुमी लोकांनी जांघेतून तार घातली अन् आतल्या आत जाळीची नळी बसवली. पोट फाडलं न्हाई, काय न्हाई. पाचव्या दिवशी चालायला लागला. मी तितंच बिरोबाला हात जोडले, अन् तुमच्या डॉक्टरच्या पायाला हात लावला. बरं झालं व्हतं ताई. हे मी मनापासून सांगतो — तितंच थांबायला पायजे व्हतं. तितून पुढं तुमी ते मशीन आणलं.

न्हाई, मशीनला शिव्या न्हाई देत मी. तुमी बसा, उठू नका. सहा महिन्यांनी बोलावलं अन् म्हनलात, आमी ह्या आजाराचा अभ्यास करायलोत, नळी बसवल्यावर कुणाचं चांगलं ऱ्हातं अन् कुणाचं बिघडतं हे आधीच कळतं का ते बघायलोत, तुमची राजीखुशी असंल तर सही करा. बिरदेवानं अंगठा न्हाई दिला, सही केली. सही करायला लय आवडतं त्याला, चौथीपस्तोर शिकलाय. मंग शिरेतून ते लोखंडाचं पाणी सोडलं — मी इचारलं, लोखंड? त्या एमआरआयवाल्या पोरानं सांगितलं, बारीक, पिठाहून बारीक लोखंड असतं, नळीची भिंत जिथं आतून सुजली असंल तितं जाऊन बसतं, अन् दुसऱ्या दिवशी फोटोत उमटतं. मला पटलं. आमी बी आजारी मेंढरू असंच वळखतो, जिथं सूज तिथं माशी बसती. — बरं, तुमच्या कागदाला माशीचं काम न्हाई.

तर त्या खोलीत जायच्या आधी अंगावरचं समदं काढाया लावलं. करगोटा, कानातली बाळी, गळ्यातली चांदीची पेटी. एकेक काढून माझ्या हातात देत गेला. अन् शेवटी माझी मूठ मिटवली अन् म्हनला, "दादा, फोटोत काय बी निघू दे, मला सांगू नको. मला चालायचं हाय. ठाव झालं की मी चालताना पाय मोजीन. शपथ घे." मी घेतली. तुमी तितंच उभ्या व्हत्या, हिरवा पडदा धरून, पर तुमाला ऐकू गेलं नसंल. त्याची पेटी हातात, देवाची पेटी, अन् त्याच्यावर शपथ. मला काय ठाव? मला वाटलं काय निघायचंय आता, बरा तर झालाय.

अन् तासाभरानं तुमच्या डॉक्टरनं मला एकट्याला आत घेतलं. बिरदेव बाहीर केळं खात बसला व्हता. काचेवर फोटो — समदं करडं, धुक्यासारखं, अन् मधी नळीच्या कडंनं रंग भरलेला, पिवळा, अन् एका बाजूनं लाल. मी म्हनलो, लय चांगलं दिसतंय. डॉक्टरनं हिंदीत सांगितलं, हळूहळू, चांगला माणूस हाय. म्हनले, रायभानजी, नळी बसवली की बाहीरची फुगलेली पिशवी आटायला पायजे. पर जिथं हे लाल दिसतंय तितं भिंत अजून आतून धुमसतीय. अशा लाल वाल्यांपैकी दहातल्या चौघांची पिशवी पुन्हा वाढती, असं आतापस्तोर दिसलंय. मी इचारलं, अन् उरलेले सहा? म्हनले, ते चांगले ऱ्हातात. मी इचारलं, मंग माझा भाऊ चारातला का सहातला? म्हनले, ते हे मशीन सांगत न्हाई. मी पुन्हा इचारलं. ताई, मी तीनदा इचारलं. एवढं मोठं घराएवढं मशीन, लोखंड पाजलं माणसाला, अन् चारातला का सहातला तेवढं न्हाई सांगत? तर म्हनले, आमी अजून शिकायलोतच, म्हणून सारखं बघत ऱ्हावं लागंल, दसऱ्याला पुन्हा आणा, वाढली असंल तर लगेच दुसरं आपरेशन करू, त्यात धोका हाय पर इलाज हाय. तुमी भावाला तुमच्या भाषेत समजावून सांगा. सांगाल ना? अन् मी म्हनलो, सांगतो.

आता सांगा. एका हातात शपथ, एका हातात शब्द. एक दाराच्या ह्या बाजूला दिलेला, एक त्या बाजूला. दोन्ही मीच दिले, माझ्याच जबानीनं, एका दिवसात. बाहीर आलो तर तो केळ्याचं साल हातात धरून उभा, टाकायची जागा सापडंना त्याला. माझ्या तोंडाकडं बघितलं अन् म्हनला, "भूक लागली असंल तुला." इचारलं न्हाई.

च्या घ्या. गोड जास्ती झाला का? चंदा असाच करती. — जा गं तू, कोकरायला पाणी दाव. — गेली. ही बी आता माझ्या तोंडाकडं बघायलीय चार महिन्यांपासून. मी घरात काय करतो म्हंजे? बघत बसतो. त्यानं खोकलं की बघतो. वाकला की बघतो. भाकर अर्धी ठिवली की बघतो. ताई, बोरीच्या बाजारात लोक मला हात धरून नेतात, रायभान, हे जनावर घेऊ का नको, जगंल का? अन् मी नुसतं चार पावलं चालवून सांगतो. चुकत न्हाई. गर्व न्हाई करत, हुन्नर हाय हातात, बापानं शिकवलाय. पाय कसा टाकतं, मान कुठं धरतं, शेपटाखालचं बघायचं, डोळ्याची पापणी उलटून बघायची. अन् माझ्या पाठच्या भावाकडं मी चार महिने बघायलोय अन् मला काय बी दिसंना. कधी वाटतं सहातला हाय, हसतोय, खातोय, बकऱ्याशी झुंजतोय. कधी उन्हात त्याचं कपाळ बघितलं की वाटतं चारातला. तुमच्या त्या लाल रंगानं माझी नजर नासवली हो. आधी नजर व्हती, अन् मशीन नव्हतं. आता मशीन बी न्हाई अन् नजर बी न्हाई.

मला सांगायचं व्हतं. खरंच सांगायचं व्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हनलो, बिरदेव, हैदराबादला जाऊन यायचं का? तर म्हनला, "फोटोसाठी? फोटो तर काढलाय." अन् माझ्याकडं असं बघितलं की — शपथ हाय हां दादा, असं. मी म्हनलो, न्हाई, सहज. सहज कुणी हैदराबादला जातं का? पर तो बी म्हनला, हां, सहज.

अन् मंग परवा मी जे केलं ते — ते न्हाई सांगत. ते तुमच्या उपेगाचं न्हाई. काय लिहायलात? "नातेवाईक" कामून लिहिता, भाऊ लिहा. — बरं, सांगतो. आता एवढं सांगितलं तर ते बी ऐका, कुणाला तरी सांगायला पायजे.

आमच्यात निघायच्या आधी दोन-तीन दिवस जनावरं निवडायची असतात. जाळीच्या कुंपणाला एक माणूस जाईल एवढं तोंड ठेवायचं अन् एकेक बाहीर सोडायचं. मी उभा ऱ्हातो, चाल बघतो. जे एवढा पल्ला काढणार न्हाई त्याच्या मानंला हात लावायचा, की ते बाजूला काढायचं अन् घरी मागं ठेवायचं. बोलायचं न्हाई. त्या जनावरापुढं कुणी म्हनायचं न्हाई की हे चालणार न्हाई, की हे आता जगणार न्हाई. नुसतं हात लावायचा. आमच्या बापापासून असंच हाय. अन् मागं ठिवलेलं जनावर — ताई, मी पन्नास वर्सात एक बी बघितलं न्हाई जे पुढच्या साली संगं चाललं.

परवा समदी मेंढरं निवडून झाली. सहा बाजूला काढली. बिरदेव तोंडाशी उभा राहून एकेक सोडायला व्हता, खुशीत, गाणं म्हणत. अन् मी म्हनलो — मी लय इचार केला व्हता ताई, आठ दिवस इचार केला, की सांगायचं बी न्हाई अन् चालवायचं बी न्हाई, शपथ बी ऱ्हाईल अन् जीव बी ऱ्हाईल, घरी बसला तर तुमचा फोन आला की समजावून गाडीत तर घालता येईल — मी म्हनलो, बिरदेव, औंदा तू घरी ऱ्हा. ह्या सहा जनावरांकडं बघ, कोकरं सांभाळ. मी जातो पुढं. अन् त्याच्या खांद्यावर हात ठिवला. मायेनं ठिवला व्हता हो! पर हात गेला कुठं? इथं. मानंपाशी.

तो गाणं म्हणायचा थांबला. माझ्या हाताकडं बघितलं. मंग त्या सहांकडं बघितलं. चाळीस वर्सं तो माझ्यासंगं निवडायला उभा ऱ्हातो, त्याला हे काय सांगावं लागतं का? दुसऱ्या कुणाला म्हनलो असतो घरी ऱ्हा, तर तो म्हनला असता बरं झालं, आराम मिळाला. मास्तरला म्हनलो असतो, दुकानदाराला म्हनलो असतो. पर हा मेंढपाळ हाय. मी तोंडानं अक्षर बोललो न्हाई अन् समदं सांगून बसलो. तुमच्या डॉक्टरनं सुद्धा दहातले चार म्हनलं व्हतं. मी तर दहाचे दहा करून टाकले. तो एवढंच म्हनला, "मला मागं ठिवलं, दादा?" अन् काठी कुंपणाला टेकवून ठिवली अन् गेला. ती काठी अजून तितंच हाय. मला उचलायचं धाडस न्हाई.

तवापासून माझ्याशी बोलला न्हाई. जेवतो. चंदाशी बोलतो. मला टाळतो असं बी न्हाई, समोर बसतो, नुसता बसतो. मी चारदा तोंड उघडलं की आरं तसं न्हाई, मशीननं तसं सांगितलं न्हाई, सहा चांगले ऱ्हातात म्हनलेत — पर ते सांगायचं तर समदंच सांगावं लागतं. अन् शपथ. आता त्या शपथीचं काय उरलंय म्हणता? मला बी ठाव हाय काय उरलं न्हाई. पर तोंड उघडत न्हाई, त्याला मी काय करू.

तुमी सांगाल त्याला? खरंच? तुमाला शपथ न्हाई. तुमी मराठीत सांगाल, दहातले सहा आधी सांगा, चार नंतर सांगा. अन् बेस्तरवारचं सांगा. मी संगं येतो, मेंढरं जाऊ द्या आठ दिवस उशिरा, रान काय पळून जात न्हाई. — कुठं हाय तो? इथंच कुठंतरी. थांबा, तुमाला आमचं घर कुणी दाखवलं? शाळेपाशी भेटला? उंच, अन् लाल पटका, अन् कानात बाळी? — काय म्हनला? पुन्हा सांगा. "रायभान घरीच हाय, जे काय हाय ते त्यालाच सांगा" असं म्हनला? अन् तुमचं नाव इचारलं न्हाई. न्हाई इचारणार. त्यानं तुमाला वळखलं, ताई. तुमी त्याला हिरव्या झग्यात बघितलेला, पटक्यात कसा वळखायचा. तो बिरदेवच. तुमाला ह्या घरी त्यानंच लावून दिलं. अजून बी काय न ऐकताच ऱ्हायचंय त्याला — न्हाई, मलाच कळंना आता, त्याला काय पायजे.

आला. उठू नका, बसा. — ये रे बिरदेव. ह्या दवाखान्याच्या धम्मशीलाताई, तुला वळख हाय ना — बस, च्या घे. ताई, बोला. बोला ना. आत्ता तर म्हनल्या. — काय म्हनतोस? ताईला कामून थांब म्हनतोस? आधी माझं ऐक? सांग.

ऐकलं का ताई, काय म्हनतोय? म्हनतोय, परवा तू सहा जनावरांची चाल बघितलीस अन् मग हात लावलास. माझी चाल न बघता हात लावलास. आता बघ अन् सांग.

बिरदेव, आरं बस. येड्यासारखं करू नको, पाहुणे बसलेत — बिरदेव! — पटका काढून ठिवला. चपला काढल्या. तितं कुंपणापाशी गेला बगा, अन् तितून यायलाय. इकडं, माझ्याकडं. मान वर. पाय सरळ टाकतोय — सरळच टाकतोय ना, ताई? तुमी सांगा. माझ्या डोळ्याला पाणी आलंय, मला धड दिसंना. — थांबला. उभा हाय. इचारायलाय, सांग दादा. 

उठा ताई. तुमचा कागद घ्या, पिशवी घ्या. न्हाई, बेस्तरवारचं मला ठाव हाय, पुन्हा सांगू नका, त्यानं मला इचारलंय, आता मीच सांगतो. च्या ऱ्हाऊ द्या. चंदाला हाक मारू नका. जा तुमी, ऑटो शाळेपाशी उभा असंल, जा —